तेव्हा तू जास्त हसायचीस

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये शिरले. पाऊस, गर्दी, काउंटरवर छत्र्यांचं पाणी, कुणीतरी खोकल्याच्या औषधाच्या किमतीवरून हुज्जत घालतंय. मेडिकलवाला मला बघून मनापासून हसला. म्हणाला, 'ताई, किती दिवसांनी! तुमची ती गोळी आलीये बरं का, मध्ये शॉर्टेज होतं. देऊ एक स्ट्रिप?' मी नको म्हटलं, बीपीच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे दिले आणि बाहेर पडले. रिक्षाच्या लाइनीत उभी राहिले आणि जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. डोळ्यांत पाणी, नाक गळायला लागलं, दोन्ही हातांवर काटा. पाठदुखीची ती गोळी, जिची मला सवय लागली होती, सोडून वर्ष उलटून गेलंय, रक्तात तिचा कण नाही, आणि नुसतं नाव निघाल्यावर, तेही धड नाव नाहीच, अंगानं सोडताना केलेलं सगळं नाटक परत करून दाखवलं. डॉक्टर म्हणतात असं होतं, जागा, वास, माणसं यांच्याशी शरीराची गाठ बसलेली असते. होत असेल. पण मला त्या जांभयांपेक्षा त्याचं हसणंच जास्त लागलं. त्या काळातल्या मला इतक्या आपुलकीनं आठवणारा तो दुसरा माणूस. पहिला माझा नवरा.

त्याबद्दल पुढे लिहीनच.

झालं असं होतं की ऐन जुलैत स्टेशनच्या ब्रिजच्या जिन्यावरून घसरले, पाच-सहा पायऱ्या पाठीवर. एल-फोर एल-फाइव्ह, कमरेचे शेवटचे दोन मणके. डोंबिवलीत निम्म्या बायकांचं तेच दुखणं असतं, त्यामुळे त्याचं फार कौतुक नाही. एमआरआय, बेल्ट, फिजिओ, आणि एक लांबट पिवळी गोळी. ट्रॅमाडॉल साडेसदतीस मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल तीनशे पंचवीस. पाठीचं ज्याचं दुखलंय त्याला हे आकडे पाठ असतात. डॉक्टर म्हणाले लागेल तशी घ्या. लागेल तशी. आता हसू येतं, पण त्यांनाही दोष देत नाही, बाहेर पन्नास पेशंट बसलेले होते आणि मी खरंच वाकून चपलेचा पट्टा लावू शकत नव्हते.

हे ट्रॅमाडॉल मूळचं जर्मन. १९७७ पासून बाजारात. मॉर्फिनच्याच घराण्यातलं, पण सौम्य, सवय फारशी लागत नाही, असंच कितीतरी वर्षं त्याचं नाव होतं. पण आपल्याकडे २०१८ साली ते एनडीपीएस कायद्याखाली आणावं लागलं, म्हणजे अफू-गर्दचा जो कायदा तोच. पाकिटावर लाल रेघ, चौकटीत वॉर्निंग, विकताना रजिस्टरमध्ये नाव. माझं नाव असेल त्या रजिस्टरमध्ये पानोपानी, जुन्या चिठ्ठीच्या झेरॉक्सच्या जिवावर. मी काही कुठे अंधाऱ्या गल्लीत जाऊन घेत नव्हते. गणपतीच्या फोटोला हार घातलेल्या, जीपे चालणाऱ्या दुकानातून घेत होते, कोथिंबीर घ्यायच्या आधी.

आणि काय व्हायचं ते गोळीनं? लोकांना वाटतं झिंग येते. तसं काही नाही, निदान मला नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं गुडघ्यांच्या मागच्या बाजूनं एक ऊब वर चढायची, मानेपर्यंत. जबडा सैल पडायचा. तोपर्यंत तो आवळलेला होता हेच मला माहीत नसायचं. माझ्या बहिणीनं एकदा दात काढल्यावर हीच गोळी घेतली तर दिवसभर ओकत होती, म्हणाली, हे विष तू कसं खातेस. नंतर कळलं की यकृतातलं एक एन्झाइम ट्रॅमाडॉलचं आणखी जोरदार औषध बनवतं, आणि ते एन्झाइम कुणाकडे भरपूर असतं, कुणाकडे नसल्यात जमा. एका आईच्या दोन मुली, एकीला उलट्या, एकीला स्वर्ग.

स्वर्ग हा शब्द जास्त होतोय पण राहू दे.

मी मुळात घाबरट. लहानपणापासून. आई बाजारातून यायला उशीर झाला की मी गॅलरीत उभी राहून ती मेलीये इथपर्यंत पोचलेली असायचे, पुढे सामान कोण आणेल याचाही विचार करून झालेला असायचा. लग्नानंतर नवऱ्याचा फोन लागला नाही की तेच. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली आणि पंखे बंद झाले की छातीत धडधड, घशाला कोरड, शेजारच्या बाईची पर्स घट्ट धरावीशी वाटायची. याला काही नाव असतं, औषध असतं, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 'तिचा स्वभावच तसा.' ती गोळी सुरू झाली आणि लाइट गेल्यावर अचानक फ्रिजचा आवाज बंद होतो आणि मग कळतं की इतका वेळ तो घरघरत होता, तसं माझ्या आत काहीतरी थांबलं. चाळीस वर्षांची घरघर. कंबर साताठ महिन्यांत बरी झाली होती. गोळी पुढे बरीच वर्षं चालू राहिली, दोनाच्या चार, चाराच्या आणखी काही.

सायकिअॅट्रिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी कागदावर दोन बाण काढून समजावलं. ट्रॅमाडॉल दोन कामं करतं. एक, वेदना दाबणारे जे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या खाचा, असतात तिथे अफूसारखं जाऊन बसतं. दुसरं, मेंदूत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही मनावर परिणाम करणारी रसायनं जास्त वेळ टिकवून धरतं, डिप्रेशनच्या काही गोळ्या करतात तेच. म्हणजे इतकी वर्षं मी कंबरेच्या नावाखाली, न सांगता, न तपासता, मनावरचं औषध घेत होते. आणि सोडताना दोन्ही एकदम निघणार. एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, असं त्यांनी बजावलं होतं (हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हे वाचून कुणीतरी उद्यापासून बंद म्हणेल, तसं करू नका, डॉक्टर धरून करा). हळूहळू, आधी रात्रीची, मग दुपारची, मग अर्धी.

अंगाचे हाल झाले ते झाले. पाय गादीवर ठरत नव्हते, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, जुलाब, घाम, मग थंडी. पण गंमत अशी की तो काळ तसा बरा होता कारण तो सगळ्यांना समजत होता. सासूबाईंनी भाताची पेज केली, वर मेतकूट. नवऱ्यानं पाय चेपले. मुलगी स्वतःहून डबा भरून कॉलेजला जायला लागली. आजारी माणसाचं घर कसं वागतं तसं घर वागलं. मग जुलाब थांबले, मी आंघोळ करून केस विंचरून बाहेर आले, सगळे म्हणाले, चला, सुटली एकदाची. आणि तिथून पुढे खरं सुरू झालं. तेव्हा पेज संपलेली होती.

पहाटे चार. घड्याळ न बघता कळायचं, कारण त्या सुमाराला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो. त्याआधी दोन मिनिटं माझे डोळे टक्क उघडे. भीती. कशाची? कशाचीच नाही. नुसती भीती, छातीवर बसलेली, आणि ती रिकामी असते ना तेव्हा ती स्वतःसाठी कारणं शोधते. मुलीची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, ऑफिसातला एक मेल, दहा वर्षांपूर्वी वहिनीला बोललेलं एक वाक्य. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या देठात एक छोटा निळसर ठिपका असतो, लोकस सेरुलिअस, धोक्याच्या वेळी नॉरअॅड्रेनलिन सोडून अख्ख्या शरीराला उठवायचं त्याचं काम. अफूच्या जातीची औषधं त्याला दाबून ठेवतात. मग तो दाबाखालीही काम करता यावं म्हणून जास्त जोर लावायला शिकतो. आणि एक दिवस दाब निघून जातो, जोर तसाच राहतो. ते ऐकल्यावर मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, म्हणजे चार वाजता वहिनीचा काही संबंध नाही. पण ज्ञान दुपारी उपयोगी पडतं. पहाटे नाही पडत.

त्याहून वाईट ते सपाटपण. भीतीत निदान माणूस जिवंत असतो. पुढचे काही महिने असे गेले की कशाचीच चव नाही. जीभ ठीक होती, आंबट आंबट लागत होतं, तिखट तिखट लागत होतं, पण त्याचं पुढे काही होत नव्हतं. दिवाळीत फडके रोडवर पहाटे सगळी डोंबिवली नटून येते, आम्ही दर वर्षी जातो, त्या वर्षीही गेलो. ढोल, अत्तराचे वास, नऊवारीतल्या पोरी सेल्फी काढतायत, आणि मी त्या सगळ्याच्या मध्ये उभी राहून मनात म्हणत होते की आता मी हसायला हवं, आणि मग हसत होते. सायकिअॅट्रिस्ट म्हणाले मेंदू स्वतःची ही रसायनं बनवायचं विसरत नाही पण आळसावतो, वेळ लागतो, महिने लागतात. किती महिने? ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला त्यांचा तो प्रामाणिकपणा तेव्हा अजिबात आवडला नव्हता.

लेडीज डब्यात आमचा ग्रुप आहे. त्यातल्या एक काकू रोज संध्याकाळी काहीतरी भाजी निवडत येतात. एकदा त्यांनी काही न विचारता माझ्या मांडीवर पेपर पसरला आणि गवार ओतली. 'मोड.' मी मोडायला लागले. शेंगेचं टोक खुडायचं, शीर ओढायची, ती कधी सरळ शेवटपर्यंत येते, कधी मध्येच तुटते, मग तीन तुकडे. बोटांना ती गवारीची बारीक लव लागते, थोडं खाजतं, नखात हिरवं जातं. कुर्ल्यापासून मुंब्र्यापर्यंत मी गवार मोडली. आनंद झाला असं मुळीच नाही. पण मुंब्र्याला लक्षात आलं की इतका वेळ मी स्वतःकडे लक्ष ठेवून नव्हते. त्यानंतर रोज त्यांच्या पिशवीत काय आहे ते आधी बघायची. काकूंना आजही माहीत नाही काय चाललं होतं, त्यांना वाटतं मला भाजी निवडायची हौस आहे.

आता नवऱ्याचं. तो वाईट माणूस नाही, उलट त्यानं खूप केलं. कपाटात वरच्या खणात, जुन्या बेडशीटच्या मागे मी ठेवलेली एक स्ट्रिप त्याला सापडली तेव्हा आरडाओरडा न करता त्यानं ती माझ्यासमोर एकेक गोळी फोडून निकाली काढली. टच्, टच् असा तो फॉइलचा आवाज, मला प्रत्येक आवाजाला पोटात काहीतरी होत होतं. तेव्हा मला राग आला होता, आता माहितीये की मध्ये गॅप गेल्यावर शरीराची ती सहन करायची ताकद उतरते आणि जुन्या हिशोबानं घेतलं तर जिवावर बेतू शकतं. तर तो असा. आणि एका रविवारी, जेवणानंतर, मी भांडी आवरत होते आणि कशावरून तरी खेकसले त्याच्यावर, झाकणावरून बहुतेक, तेव्हा तो भांडला नाही. शांतपणे म्हणाला, 'एक बोलू? तेव्हा तू जास्त हसायचीस.'

मी नळ चालू ठेवला.

कारण ते खरं होतं. गोळीवरची मी सगळ्यांना आवडायची. पोळ्या लाटताना गुणगुणायची. सासूबाईंनी तीच तळेगावच्या काकांची गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी 'हो का आई' म्हणून ऐकायची. ऑफिसात कुणाचंही काम अंगावर घ्यायची. नवरा उशिरा आला तर गॅलरीत न जाता झोपून जायची. सगळ्यांना वाटायचं हिचा स्वभाव वयानुसार निवळला. मलाही वाटायचं. म्हणजे सोडल्यावर घराला माझ्याकडून मिळालं काय, तर एक चिडकी, घाबरट, रात्री जागी असणारी बाई, आणि गेली कोण, तर एक गोड बाई. याचं दुःख त्यांनी करू नये असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मलाच तिची आठवण येते. हे कुठे बोलताही येत नाही, कारण ज्या गोष्टीतून सुटलो तिची आठवण येते म्हटलं की समोरचा लगेच सावध होतो, डोळ्यांत बघायला लागतो.

व्यसन हा शब्दच आमच्या घरात वेगळ्या माणसांसाठी राखून ठेवलेला. माझे एक चुलते दारूत गेले, ते व्यसन. माझं ते 'औषधाचा साइड इफेक्ट'. २०१९ साली एम्सच्या मदतीनं केंद्रानं केलेल्या सर्व्हेचा रिपोर्ट आला होता, त्यात अफूच्या जातीचं काही ना काही घेणारे देशात सव्वादोन कोटींच्या वर निघाले, आणि त्यात मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्या-औषधांचा आकडा हेरॉइनच्या फार मागे नव्हता. मी तो आकडा वाचला तेव्हा लोकलमध्ये मान वर करून डब्यातल्या बायका मोजायला लागले होते. पुण्यात अवचट दांपत्यानं १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आपल्या सगळ्यांना नावानं माहीत असतं. तिथे बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे हे मात्र मला गरज पडेपर्यंत माहीत नव्हतं. मी तिथे गेले नाही, माझं बाहेरून ट्रीटमेंट घेऊन भागलं, पण तो विभाग आहे म्हणजे माझ्यासारख्या बायका आहेत, एवढ्यावर मी काही रात्री काढल्यात.

एक रात्र मात्र नुसती तशी निघण्यातली नव्हती. आपण नसलो तर या सगळ्यांना सोपं जाईल, असा एक विचार आला, आणि रडून वगैरे नाही, महिन्याचा हिशोब मांडावा इतक्या शांतपणे आला, त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. बाथरूममध्ये जाऊन टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, १४४१६. मराठीसाठी बटण दाबलं. पलीकडे एक तरुण मुलगी, आवाजावरून माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं काही ग्रेट सांगितलं नाही. विचारलं, घरात आत्ता कोण जागं आहे, मी म्हटलं कुणी नाही, तर म्हणाली मग एकाला उठवा, मी थांबते लाइनवर. मी नवऱ्याला उठवलं. तो चष्मा शोधत राहिला, मग चष्म्याशिवायच बसला माझ्याशेजारी, सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदललं. त्यानं हळूहळू चारचे पाच झाले, पाचचे साडेपाच.

आता मी बरीच बरी आहे. बरी म्हणजे एमआयडीसीच्या बाजूला रोज संध्याकाळी चालायला जाते, तिथे कधी कधी केमिकलचा असा वास येतो की डोकं उठतं, पण रस्ता रुंद आहे. डिप्रेशनची छोटी गोळी चालू आहे, तिच्यावरून बहीण म्हणते एक सोडलीस आणि एक धरलीस. तिला उत्तर द्यायचं मी बंद केलंय. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं की हे जे उरलंय त्यातलं गोळी सोडल्यामुळे किती आणि माझं मूळचं किती, तर ते म्हणाले मला नाही सांगता येणार, आणि तुम्हालाही नाही येणार. मी त्यावर खूप डोकं घातलं. सकाळी धडधडलं की वाटायचं ही ट्रॅमाडॉलची, संध्याकाळी धडधडलं की वाटायचं ही गॅलरीतल्या त्या मुलीची. हल्ली वर्गवारी करत नाही, धडधडतं तेव्हा धडधडतं. आणि सासूबाई तळेगावच्या काकांची गोष्ट परत सांगत होत्या तेव्हा मी मध्येच तोडून म्हणाले एकदा, 'आई, ही झालीय सांगून.' त्या फुरंगटल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलीला सांगत होत्या. मला त्या दोन दिवसांत अपराधी वाटलं आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही नीट वाटलं, पूर्ण.

गेल्या आठवड्यात डावीकडची दाढ दुखायला लागली. रात्री ठणका सुरू झाला आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा जे वाटलं ते भीती नव्हती. आनंद होता. क्षणभर, पण स्वच्छ आनंद. आता खरंखुरं दुखतंय, आता कारण आहे, आता कुणी नाही म्हणणार नाही. मेडिकलवाल्याचं ते हसणं डोळ्यांसमोर आलं. मी उठून नवऱ्याला सांगितलं, दाढेचं नाही, त्या आनंदाचं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आणि स्वतःचंच जरा पटलं नसल्यासारखं परत म्हणाला, बरं झालं.

डेंटिस्टकडे फॉर्मवर अॅलर्जी विचारतात, तिथे मी ट्रॅमाडॉल लिहिलं. त्यांनी विचारलं रॅश येतं का, मग मी दार लोटून खरं ते सांगितलं. ते म्हणाले रूट कॅनालला त्याची गरजच पडत नाही, आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलवर भागतं, दोन दिवस दुखेल पण. आणि फाइलवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहून टाकलं. गुरुवारी साडेपाचची अपॉइंटमेंट आहे. हाफ डे टाकलाय, साहेबांना कारण दाढेचं दिलंय. दाढ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.